बादलीतून उडी मारलेला मासा

मी चौथी-पाचवीत असेन तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात गावी गेलो की सकाळी सकाळी आत्या खडपावर निघायची, कालवं काढायला, हातात कोयती आणि एक डबा, आणि आम्ही सगळी पोरं तिच्या मागे. गाव रत्नागिरी तालुक्यातलं, घराच्या मागची वाट उतरली की दहा मिनिटांत समुद्र, पण वाळूचा नाही, नुसता काळा कातळ. ओहोटीला पाणी मागे गेलं की त्या कातळात जागोजागी डबकी राहायची, कुठलं परातीएवढं, कुठलं आमच्या न्हाणीघराएवढं, आणि प्रत्येक डबक्यात काहीतरी असायचंच. शंखातले खेकडे, शेवाळ, हात लावला की मिटणारी समुद्रफुलं, आणि तो मासा.

त्याला आमच्यात वेगळं नाव असं नव्हतंच. खडपातला मासा, बस. बोटाएवढा, मातकट, अंगावर गडद डाग, डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि डोळे वरच्या बाजूला. कोणी खायला आणायचं नाही म्हणून त्याला नाव द्यायची गरज कोणाला पडली नसावी, असं मला आता वाटतं. बोंबील, बांगडा, मांदेली, सगळ्यांना नावं, अगदी खाडीच्या चिखलात चालणाऱ्या निवटीलाही नाव, कारण ती कालवणात जाते. हा बिचारा तसाच राहिला.

तर एका वर्षी मी आणि माझा चुलतभाऊ, आम्ही दोघांनी टॉवेलचा झोळ करून एक मासा पकडला, बादलीत समुद्राचं पाणी घेतलं, दोन दगड आणि एक मोठी शिंपली टाकली, आणि घरी आणला. आत्या म्हणाली, "गो बाय, तो खडपातला मासो, तो घरात जगायचा नाय, सोडून ये." आम्ही कसले ऐकतोय. बादली पडवीत ठेवली. दिवसभर तो शिंपलीखाली गप्प बसून राहिला, जराही हलला नाही. संध्याकाळी शेजारची पोरं बघायला आली आणि त्यांना तो दिसेना, म्हणून चुलतभावाने खराट्याची एक काडी घेतली आणि त्याला बाहेर काढायला ढोसलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो उडाला. सरळ बादलीच्या काठावरून वर आणि सारवलेल्या जमिनीवर पडला, आणि तिथून परत उडाला, आणि परत, पायरीखालच्या धुळीत जाईपर्यंत. आम्ही उचलून परत पाण्यात टाकला, पण रात्री गेला.

मी खूप रडले होते. आणि मला तेव्हा खरंच कळत नव्हतं की बाहेर पाणी नाही हे त्याला दिसत कसं नाही, उडी मारली कशाला.

याचं उत्तर मिळायला मला वीस-बावीस वर्षं लागली. नोकरीनिमित्त मुंबईत आले, मग ओहोटीला खडकांवर जाऊन बघायची सवय परत लागली (त्याबद्दल पुढे सांगते), आणि घरी येऊन त्या त्या जीवाचं नाव शोधत बसायचं. असंच एका रात्री या माशाचं नाव शोधताना मला लेस्टर ॲरॉन्सन सापडला. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधला संशोधक. त्याने १९५१ मध्ये बॅथिगोबियस सोपोरेटर नावाच्या माशावर एक पेपर लिहिला होता, आणि तो मासा म्हणजे आमच्या खडपातल्या माशाचा अगदी सख्खा म्हणावा असा भाऊ, फक्त अटलांटिकच्या बाजूचा. लॅटिन नावात झोपेचा शब्द आहे, आणि बसलेला असतो तेव्हा हा मासा खरंच गाढ झोपल्यासारखाच दिसतो.

ॲरॉन्सनने काय पाहिलं, तर बहामा बेटांकडे, ओहोटीला डबक्यात अडकलेला हा मासा घाबरला की डबक्यातून उडी मारून थेट शेजारच्या डबक्यात जाऊन पडतो. तिथेही धोका वाटला तर तिथून तिसऱ्यात. असं करत करत उघड्या समुद्रापर्यंत सुद्धा पोचतो. आता यात विशेष काय, मासे उड्या मारतातच. विशेष हे की डबक्याच्या तळाशी बसून शेजारचं डबकं दिसतच नाही. मधे कातळाची कड असते, ती पाण्याच्या वर असते, माशाचे डोळे पाण्याखाली. म्हणजे पलीकडे पाणी आहे की कोरडा खडक हे दिसत नसताना तो उडी मारतो, आणि बरोबर पाण्यात पडतो. चुकला तर खडकावर तडफडून मरणार, किंवा बगळा उचलणार. एवढी जोखीम कोणी अंदाजाने घेत नाही ना.

मग त्याला कळतं कसं? ॲरॉन्सनचं म्हणणं असं की भरतीच्या वेळी, जेव्हा अख्खं खडप पाण्याखाली असतं, तेव्हा हा मासा त्यावरून फिरतो आणि कुठे खळगा आहे, कुठे उंचवटा आहे, हे सगळं लक्षात ठेवतो. आणि मग ओहोटीत पाणी आटलं की डोक्यातल्या नकाशावरून उडी मारतो. मी हे वाचलं आणि थांबले. परत वाचलं.

पुढे १९७१ मध्ये त्याने याची नीट परीक्षा घेतलेली प्रसिद्ध झाली. कृत्रिम डबकी बनवली, पाणी वर-खाली करून भरती-ओहोटी आणता येईल अशी, आणि मासा उडी मारावा म्हणून त्याला काठीने ढोसायचं. हो, काठीने. मला तिथे आमची खराट्याची काडीच दिसली. ज्या माशांना भरती दाखवलीच नव्हती, थेट डबक्यात सोडलं होतं, त्यांच्यापैकी जेमतेम १५ टक्के बरोबर उडी मारू शकले, कित्येक तर उडी मारायलाच तयार नाहीत. आणि ज्यांना फक्त एक रात्र, एकच रात्र, भरतीच्या पाण्यात त्या डबक्यांवरून फिरू दिलं, त्यांचं प्रमाण ९७ टक्के. मग त्यांना तिथून काढून वेगळीकडे ठेवलं आणि चाळीस दिवसांनी परत आणलं, तरी त्यांना जागा आठवत होत्या.

म्हणजे आमचा मासा दिवसभर शिंपलीखाली का बसून होता हे मला त्या रात्री कळलं. तो आळशी नव्हता की आजारी नव्हता, त्याला ती जागा माहीत नव्हती. माहीत नसलेल्या जागी हे मासे उडी मारायचं टाळतात. आणि आम्ही त्याला इतकं ढोसलं की शेवटी त्याने नकाशा नसताना उडी मारली. खडपावर असता तर कदाचित बरोबर शेजारच्या डबक्यात पडला असता.

माशाची मेमरी तीन सेकंदांची असते, हे वाक्य मी ऑफिसमध्ये, घरी, लहान मुलांच्या व्हिडिओत, सगळीकडे ऐकते आणि प्रत्येक वेळी मला मनापासून वाईट वाटतं. कोणीतरी कधीतरी बोललं आणि लोकांना ते सोयीचं पडलं, कारण मग छोट्या गोल बाऊलमध्ये मासा ठेवताना काही वाटायला नको, गोल फिरून आला की विसरतोच म्हणे. नाही विसरत.

आता आपल्याकडच्या माशाबद्दल. आपल्या किनाऱ्यावर खडकात जे दिसतात त्यात बॅथिगोबियस फस्कस असतो, लाल समुद्रापासून पार पॅसिफिकपर्यंत सगळीकडे सापडणारा, रुपेल नावाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८३० मध्ये लाल समुद्रातल्या नमुन्यांवरून पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. या सगळ्या गटाला फ्रिलफिन गोबी म्हणतात, कारण छातीजवळच्या परांचे वरचे काटे पातळ पडद्याने जोडलेले नसतात, सुटे सुटे असतात, रेशमाच्या दोऱ्यांसारखे, साडीच्या पदराच्या दशा असतात ना तसे. हे बघायचं तर मासा अगदी जवळ आणि पाणी अगदी नितळ पाहिजे, मला स्वतःला नीट दिसायला कितीतरी फेऱ्या लागल्या. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जोडून वाटीसारखे झालेले असतात, त्याने तो दगडाला धरून बसतो, म्हणून लाट आली तरी हा जागचा हलत नाही आणि बाकीचे बारके मासे कुठच्या कुठे वाहून जातात. गोबी कुळ खूप मोठं आहे, दोन हजारांच्या आसपास जाती, आपली निवटीसुद्धा यांच्याच गोतावळ्यातली.

डबकं म्हणजे राहायला किती अवघड जागा आहे ते खडपावर अनवाणी चाललेल्याला लगेच कळेल. मे महिन्यात दुपारची ओहोटी असली तर डबक्यातलं पाणी इतकं तापतं की पाय घालवत नाही. ऊन लागून पाणी आटतं तसा खारटपणा वाढतो, आणि पावसाळ्यात उलटं, वरून गोडं पाणी पडतं. रात्री शेवाळ प्राणवायू देत नाही, उलट सगळेच वापरतात, म्हणजे पहाटेपर्यंत पाणी गुदमरल्यासारखं होतं. दिवसातून दोनदा हे सगळं बदलतं, आणि हा मासा त्यातच राहतो.

रंग बदलण्याबद्दल मला आधी वाटायचं की माझे डोळेच फसवतायत, एकच मासा काळ्या दगडावर काळपट आणि जरा वाळू-शिंपल्यांच्या तुकड्यांवर गेला की फिक्का. पण इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या रॉक गोबीवर झालेलं एक संशोधन २०१४ मध्ये आलं, त्यात हे मासे एका मिनिटाच्या आत जमिनीप्रमाणे रंग आणि उजळपणा बदलतात असं मोजून दाखवलंय. एक मिनिट! एवढ्या वेळात माझा चष्मा पुसून होत नाही, तिथल्या खाऱ्या वाऱ्यात.

आणि यांचा आवाज. हे मला सगळ्यात जास्त आवडलेलं. त्याच न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये विल्यम टॅव्होल्गा म्हणून होता, त्याने १९५० च्या दशकात याच सोपोरेटर माशाचं घरकुल नीट पाहिलं. नर एखादी कपार किंवा शिंपला धरून बसतो, साफ करतो, आणि मादी जवळ आली की डोकं झटकत हळू गुरगुरतो. टॅव्होल्गाने तो आवाज पाण्यात माइक सोडून रेकॉर्ड केला आणि परत माशांना ऐकवला, तर आवाज ऐकून माद्यांची हालचाल वाढली. अजून एक गंमत म्हणजे अंड्यांवर आलेली मादी ज्या पाण्यात होती ते पाणी नुसतं नराच्या टाकीत ओतलं तरी नर समोर कोणी नसताना रंग बदलून लगबग सुरू करायचा. वास पुरायचा त्याला. मग मादी कपारीच्या छताला अंडी चिकटवून निघून जाते आणि नर तिथेच थांबतो, परांनी अंड्यांवर पाणी हलवत, राखण करत, पिल्लं बाहेर येईपर्यंत.

हे वाचल्यापासून मी खडकावर दगड उलटायचं बंद केलं. आधी करायचे. सगळेच करतात, खाली काय आहे बघायची उत्सुकता असते आणि मग दगड तसाच उलटा टाकून पुढे जातात. पण ज्या बाजूला अंडी चिकटलीत ती बाजू वर आली की उन्हात थोड्याच वेळात संपलं सगळं, आणि बाप मासा शेजारी पाण्यात बसलेला. उलटलाच कधी तर जसा होता तसा, त्याच खाचेत, हळू परत ठेवायचा. हे मी आता भेटेल त्या प्रत्येकाला सांगते, काहीजणांना माझा कंटाळा येत असणार पण मी सांगते.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या मॅक्वारी युनिव्हर्सिटीत कलम ब्राउन आणि जेमा व्हाइट यांनी यावर पुढे बरंच काम केलंय. त्यांनी डबक्यातले गोबी उचलून खूण करून लांब दुसऱ्या डबक्यात नेऊन सोडले, तर त्यातले बरेचसे आपल्या मूळ डबक्यात परत आले. दुसरं म्हणजे त्यांनी वाळूत राहणाऱ्या गोबी आणि खडकात राहणाऱ्या गोबी यांची तुलना केली. खडकातले वाट पटकन शिकतात आणि आजूबाजूच्या खुणा धरून शिकतात. वाळूतल्यांना खुणांचा तसा उपयोग नसतो, आणि बरोबरच आहे, वाळू रोज हलते, आज जिथे खड्डा आहे तिथे उद्या नाही, लक्षात ठेवून करणार काय. मेंदूसुद्धा बघितले तर खडकातल्यांचा पुढचा भाग, जागा लक्षात ठेवण्याशी ज्याचा संबंध आहे तो, जास्त मोठा. एकाच कुळातले मासे, पण दगडाने एकाला असं घडवलं आणि वाळूने दुसऱ्याला तसं.

म्हणूनच मुंबईत खडकांवर भराव पडताना बघितला की मला पोटात कसंतरी होतं. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसरीकडे नेऊन लावले, प्रवाळांना कायद्याचं संरक्षण आहे म्हणून. निदान ते झालं. पण गोबीला नेऊन दुसऱ्या खडकावर सोडलं तरी त्याच्या डोक्यात आधीच्याच खडकाचा नकाशा असणार, तो खडक जागेवर असो नसो. नवीन भरती बघून तो नवीन नकाशा शिकेलही, एका रात्रीत शिकतो हे ॲरॉन्सननेच दाखवलंय, पण त्यासाठी त्याला ती पहिली रात्र निभावायला पाहिजे.

तर मुंबईत खडकं बघायला कुठे जायचं, हे मला नेहमी विचारतात. मी स्वतः जास्त करून वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर जाते कारण जवळ पडतं. २०१७ पासून मरिन लाइफ ऑफ मुंबई नावाचा ग्रुप लोकांना ओहोटीला किनाऱ्यावर फिरवून आणतो, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यांच्याबरोबरच जावं, कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही ते कळतं. भरती-ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते, पण मला आत्याची पद्धतच आवडते, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. म्हणजे अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पण अष्टमीला भांग असतो, पाणी फार मागे जात नाही, तेव्हा जाऊन उपयोग नाही. पौर्णिमा-अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया सगळ्यात चांगली, उधाण असतं त्यामुळे पाणी लांबवर हटतं, आणि द्वितीयेला दीडला भरती म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमाराला ओहोटी, छान उजेड असतो आणि ऊनही चढलेलं नसतं. मिनिटांचा हिशोब जुळत नाही, पण मला तर कधी दगा दिला नाही.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका तृतीयेला मी भाचीला घेऊन गेले. ती तिसरीत आहे. तिने बरोबर तेच केलं जे आम्ही केलं होतं, कडेला पडलेली एक काडी उचलली आणि डबक्यात दगडाखाली बसलेल्या माशाकडे नेली. मी ओरडले नाही. तिला फक्त बादलीची गोष्ट सांगितली, सगळी, मी रडले होते ते पण. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग काडी खाली ठेवली आणि म्हणाली, "मावशी, मग याला इथलं पाठ आहे का?" मी म्हटलं, हो, इथलं पाठ आहे.

मग आम्ही ठरवलं की भरती चढेपर्यंत थांबायचं आणि तो पाठ कसं करतो ते बघायचं. सावली पाण्यावर पडू नये म्हणून उन्हाकडे तोंड करून बसलो. हाताशी पाण्याची बाटली आणि बिस्किटं. नऊच्या पुढे बाहेरच्या खाचेतून पहिलं पाणी आलं, नुसती एक जीभ, आली आणि परत गेली. तो हलला नाही. मग अजून एक, मग डबक्याच्या कडेवरून पाणी पलीकडे वाहायला लागलं, आणि हळूहळू ती काळी कड बुडाली, बोटभर, मग दोन बोटं. तेव्हा तो दगडाखालून निघाला. थोडं पुढे, बसला. परत थोडं पुढे, परत बसला, कडेवर अगदी वर येऊन थांबला आणि आम्हाला तिथे तो पूर्ण दिसला, सुट्या दशांसकट. मग पलीकडच्या डबक्यात उतरला. भाची माझा दंड धरून होती, इतका घट्ट की वळ उठला. तिथे तो कडेकडेने फिरला, एका कपारीत शिरला, बाहेर आला, आणि परत त्याच कडेवरून आपल्या दगडाकडे. दोनदा केलं त्याने तसं. तिसऱ्यांदा लाट मोठी आली आणि पाणी गढूळ झालं, काही दिसेना, आणि आमचे बूट भिजले होते तरी ती उठायला तयार नव्हती.